सोळा घरांचा तक्ता

मावशी विल्नियसहून यायची ती रात्रीच्या गाडीने,
पिशवीत काळा पाव, आणि कार्बन लावून टाइप केलेले
नव्वद कागद. तिसरी प्रत, अक्षरं धुकट.
त्यात माणसांचे सोळा प्रकार होते.
कोण कोणाला पुरा पडतो,
कोण कोणाला पुरून उरतो,
सगळं आखलेलं.

क्लाइपेदाच्या आमच्या स्वयंपाकघरात
बीटचं सार उकळत असायचं, आणि ती
एकेकाला समोर बसवून विचारायची,
"तुझा हिरो कोण? पटकन सांग. विचार करू नकोस."

आई विचार करणाऱ्यातली नव्हतीच.
मासे डबाबंद करायच्या कारखान्यात आठ तास
यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलणारी ती म्हणाली,
ती बुद्धिबळवाली. पेपरात फोटो येतो ती.
एका खेळीला चाळीस मिनिटं घेते
आणि चेहऱ्यावरची रेष हलत नाही.
मावशीने पेन्सिलीने बाण काढला.
"बघ डांगुओले, जे आपल्यात नाही
त्याच्यापुढेच हात जोडतो आपण."
आणि बाबांकडे बघून डोळा मारला,
कारण कोट घालू की नको
यात अर्धा तास घालवणारे आमचे बाबा.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे.
जिवाचा कान करून ऐकायचे एकेक.
त्यांनी सार निवल्यावर सांगितलं: कॅप्टन बुत्रीमास.
जानेवारीतलं वादळ, इंजिन बंद पडलेली ट्रॉलर,
एकोणीस माणसं, आणि एक घाव दोन तुकडे करणारा
एक आवाज.
कात्रण त्यांच्या टेबलावर होतं, भिंगाच्या डावीकडे.

मावशीने पेन्सिल उचलली. ठेवून दिली.

त्याच मार्चमध्ये कॅप्टन खरोखरच आला,
जहाजावरचं घड्याळ काखेत,
दिवसाला चार मिनिटं मागे पडणारं.
सार प्यायला, दोनदा मागून घेतलं.
मग म्हणाला, दिवा इथे कशाला, तिकडे हवा.
हा स्क्रू आधी का काढलास?
एवढा वेळ लागतो? याहून लहान चिमटा नाही?
प्रत्येक वाक्य बरोबर. अगदी नेमकं बरोबर.
आणि केसाएवढी स्प्रिंग
श्वास रोखून बसवणारी बाबांची बोटं
थरथरली.
स्प्रिंग उडाली.
आम्ही सगळे गुडघ्यांवर, फरशीवर शोधत,
आणि कॅप्टन सांगत होता कुठे शोधायचं.
तिथेच सापडली.

दुरून डोंगर साजरे म्हणावं,
तर आमच्याकडे डोंगर नाहीत, दुरूनसुद्धा.
सपाट शेतं, वाळूच्या टेकड्या, मग समुद्र.
म्हणून माणसांनाच उंच करावं लागतं.

रात्री मावशीने तक्त्यावर बोट फिरवलं.
"हे पूरकाचं नातं नाही गं. हे पारखणाऱ्याचं.
रिमगौदासचं जिथे दुखतं
नेमकं तिथेच बोट पडतं याचं, न ठरवता.
आणि हा बिचारा इतकी वर्षं
त्या दुखण्यालाच भक्ती समजला."

घड्याळ चालू झालं. बाबांनी पैसे घेतले नाहीत.
कात्रण फाडलंही नाही.
फक्त भिंगाच्या डावीकडून
टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवलं,
जिथे काम करताना हात पोचत नाही.

मला मावशीने कधी विचारलंच नाही.
मी नऊ वर्षांची, माझं घर अजून ठरायचं होतं म्हणे.
परवा तिचे कागद माझ्याकडे आले.
घराघरांत माणसं: दातांचा डॉक्टर, जिन्यावरची ओना,
टपाल कचेरीतले दोघे भाऊ, तिचा सोडून गेलेला नवरा
(त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह).
आणि तिचं स्वतःचं नाव, गेनोव्हाइते,
सोळाही घरांत एकेकदा लिहून
खोडरबराने पुसलेलं.
कागद तिथे इतका झिजलाय
की खिडकीशी धरला तर पलीकडे बंदर दिसतं,
दोन क्रेन,
आणि कुणाचं तरी आत येणारं जहाज.
नाव वाचता येत नाही एवढ्या लांबून.